बिंदुसरेकडे उतरणारे फाटक

मी, रामहरी धुळाजी घोळवे, वय ७४, राहणार बिंदुसरा नदीकाठ, बीड, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाचेही न ऐकता लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात मिळकतीची तजवीज पुढीलप्रमाणे व्हावी.

राहते घर मुलगी सुनिता हिला. तिने ते विकू नये, असे मी म्हणणार नाही. तशीही ती माझे ऐकत नाही.

वडिलांच्या गुऱ्हाळातली, गूळ करायची लोखंडी काहील नात ऋतुजा हिला. या काहिलीत बसवून, फळीने वल्हवत, मी तरुणपणी लोकांना पुरातून पैलतीरी नेले आहे. ऋतुजाला होडी चालवायला खरे तर मीच शिकवायचे होते. शिकवले शेजारच्या सोमेश्वर जोगदंडाने, त्याच्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या होडीत. पेपरात दोघांचा फोटो आला. तो मी पाहिलाच नाही, असे सर्वांना सांगितले आहे.

घरामागची उताराची पट्टी: पूर्वेस नदी, पश्चिमेस रस्ता. आमच्या भागात होडी पाण्यापर्यंत नेण्याजोगी जागा ही एकच. बाकी सगळीकडे भिंती. पोरे पुलाखालच्या दगडांवरून होड्या उतरवतात आणि गुडघे फोडून घेतात. फाटकाला कुलूप माझे आहे. सोमेश्वर मागायला आला होता. म्हणाला, "रामहरी, वाट समद्या गावासाठी मागतोय, माझ्यासाठी न्हाई."

"मग गावाला येऊ दे की. तू कावून आलास?" मी म्हणालो.

मला त्याचा लई हेवा वाटतो. इथे लिहायला हरकत नाही, सगळे मी मेल्यावरच वाचणार.

सदर पट्टी माझ्या पश्चात सर्वांना कायम खुली राहावी. तिकीट नको, पाटी नको. पाटी लावलीच तर तिच्यावर सोमेश्वरचे नाव नको.

एवढे लिहून मी चहा प्यायला उठलो आणि चहा काही गोड लागेना. मी गेल्यावर फाटक उघडणार, ऋतुजा होडी घेऊन उतरणार, आणि ती होडी धरायला काठावर सोमेश्वर उभा असणार. हे मला मेल्यावरही सोसणार नाही. सबब, ही एक बाब माझ्या मृत्यूसाठी थांबणार नाही. कुलूप मी उद्या सकाळी काढीन आणि होडी मी धरीन.

सही: रामहरी धुळाजी घोळवे
बीड, दि. १४ सप्टेंबर २०२५

साक्षीदार:
१. तानाजी शिंदे
२. सोमेश्वर जोगदंड (ऐनवेळी दुसरे कोणी मिळेना. मजकूर झाकून सही घेतली आहे.)