लाल दिवा आणि आमची आरती

बुधवार, दिवेलागण

गणपतीसाठी आम्ही तात्यापारा मोहल्ल्यातल्या सहा बायकांनी गायलेली आरती माझ्या मीनलनं लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक तालात बसवली. दुपारी आरतीला साथ केलेले मंडळाचे लोक ऐकायला आले. प्रत्येकाचं एकच, माझा ढोलक वाढव, माझी झांज वाढव. भावजी म्हणाले, "मले बेस पाहिजे." पोरीनं सगळंच वाढवलं. आवाज हद्दीबाहेर गेला की पडद्यावर लागतो तो लाल दिवा विझेना आणि बाप्पाचं नाव नुसतं खरखरलं.

मी म्हटलं, "सगळं खाली घे. लाल दिवा गेला पाहिजे."

"मम्मी, फिर सब बोलेंगे आवाज कम है."

"बोलू दे."

मी दहावीच शिकलेली, भावजी हसले. "वहिनी, दहावीत हे पण शिकवलं काय?"

"नाही भावजी, कान देवानं दिले."

तिनं पडद्यावरची एकेका आवाजाची पट्टी खाली ओढली. लाल दिवा गेला, शब्द स्वच्छ आले. मंडळाचे लोक आवाज बारीक झाला म्हणाले, तर मी उठून स्पीकरचंच बटण फिरवलं. मोठा झाला, फाटला नाही. तरी भावजींचं पालुपद, "पहिलंच दमदार होतं."

मी जास्त बोलले का? बोलले तर बोलले. ते गेल्यावर पहिली फाइल मीनलकडून पुसवली, कुणाला विचारलं नाही. लाल दिव्याविनाची पेनड्राइव्हवर घेऊन देव्हाऱ्यात ठेवली आहे. ज्याला पाहिजे त्यानं चपला काढून आत यावं.