निलगिरीवरचा दुसरा दोर

नफ्ता, खजुराचा हंगाम सरता सरता

आदरणीय शदलियावहिनींना त्यांच्या धाकट्या दिराचा, जिलानीचा सलाम.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? गाबेसची दमट हवा त्यांना मानवत नाही असं कळलं. इकडची हवा कोरडी आहे, पण इकडे माझा खांदा दुखतो, तेव्हा हवेला दोष देणं मी सोडून दिलंय. मबरूका मजेत आहे. (म्हणजे माझ्यावर रागावली आहे, पण जेवण वेळेवर वाढते.) तुम्ही पाठवलेली मेंदी पोचली. ती तिने हाताला लावायची सोडून माझ्या खांद्याला लावली, त्यामुळे चौकातले लोक मला नवरदेव म्हणतात. खांद्याला काय झालं ते पुढे येईलच.

पत्राचं कारण तुमची मुलगी आहे. घाबरू नका, रफीका धडधाकट आहे. मीसुद्धा आहे, बहुतेक ठिकाणी. नगरपालिकेच्या कचेरीत पंख्याखाली बसून काम करते, असं तिने तुम्हाला सांगितलंय. पंखा आहे, तेवढं खरं. पण त्याच्याखाली कारकून बसतो आणि रफीका झाडावर असते. हे तुम्हाला माझ्याकडून कळावं असं तिला वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. पण आता इतके लोक तिला वर बघून चुकलेत की एखादा जण गाबेसला येऊन सांगेलच, आणि तो तिखटमीठ लावून सांगेल.

सुरुवातीपासून सांगतो. गावातल्या रस्त्यांवरची, शाळेची, दवाखान्याची झाडं सांभाळायला माणूस हवा, असं नगरपालिकेने जाहीर केलं, तेव्हा अख्ख्या नफ्त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही आरशात पाहिलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी खजुरावर चढतोय, अनवाणी, हातात फक्त विळा. दादा आणि मी एकाच झाडावर शिकलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, झाडाच्या देखभालीचं प्रमाणपत्र आहे का? मी तळपाय दाखवले. (बूट काढायला जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात त्यांनी खिडकी उघडली.) जागा रफीकाला मिळाली. मला तिच्या हाताखाली घेतलं. ज्या पोरीला मी खांद्यावर बसवून बागेत फिरवलं, ती आता माझी वरिष्ठ. मी तीन रात्री नीट झोपलो नाही, आणि मबरूकालाही झोपू दिलं नाही.

पहिल्याच दिवशी तिने माझ्यासमोर लाल टोप ठेवला, मोटारसायकलवाले घालतात तसला.

"काका, हा घाला."

"का? डोक्यात खजूर पडतील म्हणून?"

"नाही. तुम्ही पडाल म्हणून."

मला राग आला. इतकी वर्षं मी पडलेलो नाही, हे तिला माहीत नव्हतं का? मी टोप घातला, पण उलटा. मग तिने दोर काढले. एक कमरेच्या पट्ट्याला बांधून फांदीवरून घ्यायचा, आणि दुसरा तसाच वेगळ्या फांदीवरून. पहिला तुटला तर दुसरा राहील म्हणून. मी म्हटलं, बाळ, दोन दोर बांधून जायचं तर झाडावर कशाला, बोटीवर जावं. ती हसली नाही. दादासारखीच आहे. त्यालाही माझे विनोद कधी कळले नाहीत.

आता दवाखान्याच्या अंगणातली निलगिरी. तुमच्या वेळी होतीच, आता तिची एक फांदी वाढत वाढत बाहेरच्या चहावाल्या तयेबच्या बाकांवर गेली आहे. तिथे दिवसभर आजारी माणसांचे नातेवाईक बसतात. रफीकाने लाकडी हातोडीने ती फांदी ठोकली, कान लावला आणि म्हणाली, आतून पोकळ आहे, हिच्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, बाजूच्या फांदीवरून कापायची. मी खालून बघूनच सांगितलं की फांदी दगडासारखी आहे. तयेब म्हणाला, "जिलानीचं ऐका, तो झाडावरच जन्मलाय." बाकांवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी, माना डोलावणारे लोक खाली बसलेले असले की माणसाला वर चढायचा मोह आवरत नाही.

मी निघालो. रफीका आडवी आली. दोन्ही दोर बांधल्याशिवाय जाऊ देणार नाही, म्हणाली. सगळ्यांदेखत पुतणीशी भांडणं बरं दिसेना, म्हणून बांधून घेतले. दुसरा दोर तिने स्वतः वर जाऊन जाड खोडाच्या बेचक्यातून ओवला. हळूहळू, पुस्तकात लिहिल्यासारखी चढली. मग मी चढलो, तिच्या निम्म्या वेळात, आणि नेमका त्याच फांदीवर जाऊन उभा राहिलो. खालून वाहवा झाली. फांदीने ती ऐकून घेतली आणि मोडली. पहिला दोर मी त्या फांदीवरूनच घेतला होता (रफीकाने दाखवलेल्या ठिकाणी नव्हे, माझ्या सोयीने), तो तिच्याबरोबर गेला.

बाक मोकळे होते, कारण मी चढायच्या आधीच रफीकाने सगळ्यांना तिथून हटवलं होतं. एक किटली चेपली, बाकी कोणाला काही झालं नाही. मी दुसऱ्या दोरावर तिरपा लोंबत होतो, खांदा निखळलेला, पायजमा फाटलेला. दवाखान्याच्या खिडक्यांतून रुग्ण बघत होते. त्यांना त्या दिवशी जरा बरं वाटलं असावं.

रफीका वर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी वाट बघत होतो की आता ही म्हणेल, सांगितलं होतं ना. ती म्हणाली, "काका, बाबांना असा दोर कोणी का नाही बांधला?"

वहिनी, तेव्हा कोणीच बांधत नव्हतं. दादाच्या पायाखालचा झावळीचा खुंट सुटला आणि तो गेला. तसलेच खुंट माझ्या पायाखाली हजार वेळा आले आणि टिकले. तो माझ्याहून बरा चढायचा, हे नफ्त्यात सगळ्यांना माहीत आहे. मग मी जो अनुभव अनुभव म्हणून छाती काढत होतो, तो दादाकडे जास्तच होता. मी फक्त अजून पडलो नव्हतो. लोंबकळताना माणसाला असल्या गोष्टी सुचतात. मी तिला एवढंच म्हणालो, "तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, म्हणून." मग ती रडली, आणि मीही रडलो, आणि खालून तयेब ओरडला की काही दुखतंय का.

उतरताना मात्र घोटाळा झाला. दोर बेचक्यात अडकला. तिच्या अभ्यासक्रमाप्रमाणे तिथेच थांबून तोझरहून शिडीवाला बंब बोलवायचा होता. पण दुपारचं वारं सुटायला लागलं होतं, आणि आपल्याकडचं ते वारं मी ओळखतो. थोड्या वेळात सगळं झाड हलणार होतं. मी म्हटलं, खोडाला मिठी मार, माझा पट्टा दोरातून सोडवून तुझ्या पट्ट्याला अडकव, मी सांगतो तिथे पाय टाक. तिने हट्ट केला नाही. मी एका हाताने आणि ती माझ्या सांगण्यावर, असे आम्ही उतरलो. खाली आल्यावर ती म्हणाली, "हे आम्हाला शिकवलं नव्हतं." मी टोप सरळ केला.

त्यानंतर तुमच्या मुलीबद्दल माझी तक्रार उरलेली नाही. प्रमाणपत्राबद्दल अजून आहे.

तुमच्या भावाला आणि भावजयीला सलाम. इकडची खजुराची पेटी बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली आहे. त्याने वाटेत मूठभर खाल्ले असतील, तेवढं त्याला माफ करा.

तुमचा दीर,
जिलानी

ता. क. ते प्रमाणपत्र आता मीही घेणार आहे. परीक्षा गाबेसला असते. आठवडाभर तुमच्याकडे राहीन म्हणतो. तुमच्या शेजारी ते मास्तर राहतात ना, त्यांना विचारून ठेवा, मला संध्याकाळी परीक्षेचं पुस्तक समजावून सांगतील का? नफ्त्यात यातलं काही बोलू नका. तयेबला मी खांद्याच्या उपचाराला येतोय असं सांगितलंय.

आणखी एक. रफीकाला चढू नको म्हणून सांगायला तुम्ही फोन कराल, आणि तो तुमचा हक्कच आहे. फक्त सकाळी करू नका. सकाळी ती वर असते, तिचा फोन माझ्या खिशात असतो आणि तिचा दुसरा दोर माझ्या हातात असतो. मला फोन उचलता येणार नाही.