शिऱ्याचे पाव्हणे

रविवार, ७ एप्रिल १९४६

म्हणं फिरायला पैसा लागत न्हाई! सांगलीच्या कॉलेजात राहून आमचा लाला एवढं शिकला. परीक्षा संपली, आता सातारा जिल्हा बघायचा म्हणतो. किल्ले बघणार, घाट बघणार. मी म्हटलं, "बापानं पलटणीत हाडं झिजवली ती तुझ्या पुस्तकांत गेली. आता घाट कशाच्या जिवावर बघतोस?"

तर म्हणतो, "आई, विद्यार्थ्यानं फिरायचं एक शास्त्र असतंय. टेशनावर काय विकत घ्यायचं न्हाई. गाडीवान दिसला की हात करायचा. जेवायच्या वक्ताला गावात शिरायचं न् आपलं आडनाव सांगायचं. मराठ्याच्या पोराचा पाव्हणा न्हाई असं गाव न्हाई."

शास्त्र! भीक मागायला आता कॉलेज लागतं.

मंगळवार, ९ एप्रिल

गेला. संगं बाळासो आणि केरबा. बाळासो निदान कॉलेजात तरी हाय. केरबा मॅट्रिकला बसून बसून बाप्या दिसायला लागला, मिशा बघाव्या तर पोलीस पाटलाच्या! भाकऱ्या बांधल्या तर म्हणाले, ओझं कशाला.

बुधवार, १७ एप्रिल

खबर न्हाई. ह्यांना विचारलं. "पोरगं हाय, फिरंल." झालं! पुढं बोलायला ह्यांना साहेबाचा हुकूम लागतो.

सोमवार, २२ एप्रिल

आला. मला वाटलं वाळून येईल. गालफडं भरून आलाय! काय खात होतास रं, म्हटलं. "शिरा," म्हणाला आणि हसला. साखर रेशनावर, आणि ह्याला शिरा कोण घालतंय?

मंगळवार, २३ एप्रिल

कळलं. आज जेवताना स्वतःच सांगितलं, मोठा पराक्रम केल्यागत.

कोरेगावाकडं एका घरी गेले. घरधन्यानं केरबाच्या मिशा बघितल्या, दोन पोरं बघितली, आणि त्याला वाटलं पोरगी बघायला आलेत. पाट मांडले, शिरा केला, पोरगी पुढं आणून बसवली. ह्यांनी काय करावं? गप खाल्लं. मग चटकच लागली. "नुसता पाव्हणा म्हणून गेलं तर भाकरी-आमटी, आई. पोरगी बघाय गेलं की शिरा!" केरबा झाला मामा. नवरदेव एक दिवस लाला, एक दिवस बाळासो.

"आणि निघताना काय सांगत होता रं, मेल्यांनो?"

"सोपं हाय. त्यांचं देवक विचारायचं. ते म्हणाले मोरवेल, की आपण कपाळाला हात लावायचा. आवं, आमचंबी मोरवेलच! एका देवकात सोयरीक कशी व्हायची? कुणाचा अपमान न्हाई, काय न्हाई. उलट वाटंला दशम्या देत होते."

फकस्त लोणंदकडच्या खंडाळ्याला फसलो म्हणाला. नाथाजी म्हणून कुणी हाय. त्यानं उलट विचारलं, "आधी तुमचं सांगा पाव्हणं." लालाच्या तोंडून खरंच गेलं, कळंब. नाथाजी म्हणाला, "आमचं पंचपालवी. झालं तर मग!" केरबामामा "कळवतो, कळवतो" करत उठला, आणि तिघं पळाले.

हसून हसून त्याला ठसका लागला. लालाची बहीण शालू वाढत होती. हातातली पळी तिनं भांड्यात ठेवली आणि परड्यात निघून गेली.

संक्रांतीला आमच्या शालूला बघायला तिघं आले होते. साठवलेली साखर काढून शालूनंच शिरा केला होता. आधी आमचं देवक विचारलं, मग त्यांचंबी कळंबच निघालं. मी त्यांना नारळ देऊन वाटंला लावलं! आठ दिवस पोरगी आरशात बघत न्हवती. मी तिलाच बोलले, तोंड पाडून बसतीस म्हणून स्थळं जातात.

लालाला म्हटलं, तुझ्या ताटातलं गिळ आणि ऊठ.

शुक्रवार, २६ एप्रिल

राहीबाई आली. खंडाळ्याला दिलेली आमच्या शेजारची लेक, माहेरी आली होती. दारातनंच ओरडली, "काकी, तोंड गोड कर! लाला आमच्या नाथाजीमामांची पोरगी पसंत करून आला म्हणं!"

माझं तोंड कडू झालं. नाथाजीनं हिच्याकडं आमचं घराणं विचारलं, हिनं छाती फुगवून सांगितलं. आणि त्या बाबानं शिरवळचं जुळत आलेलं स्थळ माघारी लावलं! पोरगी सुला, एकोणीसची. खेड्यात एकोणीस म्हणजे काय बोलतात लोक मला ठाऊक हाय. आता आमचा नकार गेला की शिरवळचंबी गेलं, आणि पोरगी दोन दारची टाकलेली.

लालाला सांगितलं, चल खंडाळ्याला, पाया पड त्यांच्या. तर म्हणतो, "एक कार्ड टाकू की देवक बघण्यात चूक झाली म्हणून." कार्ड टाकतो! बाप्यांना सगळं कार्डावर मिटवायचं असतं.

मीच जाणार. तोंडावर खरं सांगणार. नाथाजीनं चप्पल काढली तर खाणार.

शनिवार, २७ एप्रिल

ह्यांना सांगितलं. "जा," म्हणाले. शालूनं पिशवी भरली. वर तिचा कोरा खण ठेवला, संक्रांतीचा. हे कशाला गं, म्हटलं. "रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं न्हाई, तूच म्हणतीस की."

सोमवार, २९ एप्रिल. खंडाळा

गाडीत पाय ठेवायला जागा न्हवती, गुळाच्या ढेपेवर बसून लोणंद गाठलं. ढेप ज्याची तो सारखा म्हणत होता, "आक्का, गूळ बसतोय." बसू दे म्हटलं, मीबी बसलीय. पुढं वाटंत एका गाडीवानाला हात केला. त्यानं विचारलं कुणाच्या, आणि माझ्या माहेरचं नाव ऐकून चढवून घेतलं. दुपारी एका वस्तीवर पाणी मागितलं तर भाकरी आली. लालाचं शास्त्र खरं निघालं, त्याचाच राग आला.

दारात पाऊल टाकलं तोवर नाथाजीची बायको लीलाबाई तांब्या घेऊन बाहेर. "या, विहीणबाई!"

तोंड उघडायला गेले. आधी पाय धुवा म्हणाली. धुतले. पुन्हा उघडलं. नाथाजी आला, म्हातारा, कमरंत वाकलेला. "प्रवासातनं आलाय, आधी खावा, मग बोला. आमच्याकडं खाल्ल्याबिगर पाव्हण्याचं ऐकत न्हाईत." समोर पाट, आणि पाटापुढं शिरा. ह्या घरात साखर कुठनं आली असंल ते बाईमाणसाला सांगावं लागत न्हाई.

खाल्ला. मी! तिघांना नावं ठेवत आले आणि चौथी मीच जेवले. पोरगी वाढत होती. काळीसावळी, उंच. मान खाली न्हवती. माझ्याकडं सरळ बघत होती.

उद्या सांगते.

मंगळवार, ३० एप्रिल. खंडाळा

सकाळी विहिरीवर सुलाबरोबर गेले. बापाआधी हिला सांगावं म्हटलं. सुरुवात करतेय तोवर तीच बोलली.

"आत्ती, ते मामा खरं मामा न्हवतं न्हवं?"

मी पोहरा विहिरीत सोडला.

"मी चुलीपाशी होते. मामा भाच्याला हळूच म्हणत होता, लाल्या, माझ्या ताटातला घे, मला आज बाधलाय. नवरदेवाला असं कोण म्हणतं? नुसतं खायला आलं होतं."

"मग बापाला सांगितलं का न्हाईस गं?"

घागर तिनं काठावर टेकवली. "शिरवळचा बिजवर हाय. त्याची थोरली लेक माझ्या वयाची. आप्पा नको म्हणत न्हवतं, पोरीचं वय झालं म्हणत होतं. मला वाटलं, हे खोटं हाय तर असू दे. तोवर तरी ते टळंल. आता तुमी सांगणार. सांगा. मला म्हाईत होतं कोणतरी येऊन सांगणार."

रडली न्हाई. घागर डोक्यावर घेतली आणि माझ्यापुढं चालू लागली.

असल्या पोरीपुढं आमचं कॉलेज काय चीज हाय!

गुरुवार, २ मे

घरी आले. लाला दारातच. "मिटवलंस न्हवं, आई?" मिटवलं म्हटलं. खूश होऊन शीळ घालत नदीवर गेला.

शालूच्या खणानं सुलाची ओटी भरून आले, सून म्हणून. ह्यांना सांगितलं. आज पहिल्यांदा मोठ्यानं हसले. केरबाला निरोप धाडलाय — मामा झालास, आता लग्नात फेटा बांधून उभा राहा.

लालाला परवा सांगीन. शिरा वाढून.