सहा किलोंची वाकळ

मंगरूळपीर,
१२ जानेवारी २०२५

ती. मोठ्या आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर समोरचं माणूस कधी थांबणार आणि आपण कधी बोलायचं हे मला उमगत नाही. तू तर थांबतच नाहीस.

बातमी अशी की मला रिसोडला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचं, हे काम. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, की दिवसभर मोजून कंटाळा नाही का येणार. मी विचारलं, कशाचा? त्यांनी लगेच घेतलं. पहिले सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. १ मार्चला हजर व्हायचं आहे. केनवडहून रोज एसटीने जाता येईल, म्हणून तुमच्याकडे राहावं म्हणते.

अडचण माझ्या झोपेची. मी सतरा वर्षांची असताना अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मी स्वमग्न आहे, आणि आमच्यापैकी पुष्कळांची झोप अशीच असते. रात्र झाल्याची वर्दी माझ्या अंगाला उशिरा मिळते. शिवाय बारीक आवाज, वास, चादरीची शिवण, सगळं मोठं होऊन येतं. अनुपदादाच्या लग्नात तुमच्याकडे मी तीन रात्री टक्क जागी होते आणि चौथ्या दिवशी नवरा-नवरीसोबत फोटो काढताना उभ्याउभ्या झोपले. तो फोटो तुम्ही भिंतीवर लावलाय. बाबांची अट आहे, की महिनाभर पाहू. झोप झाली नाही तर नोकरी सोडून घरी यायचं. मला ही नोकरी सोडायची नाही. एवढी हवीशी मला आजवर कुठलीच गोष्ट वाटली नव्हती.

अंगावर ठरावीक वजन असलं की मला बरं वाटतं. शहरात मणी भरलेली जड पांघरुणं मिळतात म्हणे. माझं वजन बासष्ट, त्याचा दहावा हिस्सा सहा किलो. तुझ्या वाकळी जड असतात. एखादी मोजून ठेवशील का?

आईचा जयभीम. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचा झाल्यास आधी कळवावे.

तुझी,
धम्मदीपा


केनवड,
१० फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीपा हिला,
अ. आ. व जयभीम.

बाई गं, नोकरीची बातमी ऐकून मी अर्ध्या गावाला साखर वाटली आणि झोपेची गोष्ट उरलेल्या अर्ध्या गावाला सांगितली. तेव्हापासून दारात वैद्यांची रांग आहे. कोणी जायफळ आणून दिलं, कोणी खसखस. शेजारची तुळसाबाई म्हणे टाळूवर तेल जिरवा. तुझे मोठे बाबा म्हणाले, पोरीले झोप येत नसन तं दोन दिवस माह्यासंग वावरात तण निंदाले पाठवा, उभी झोपीन. मी म्हटलं, उभी तर ती आधीच झोपते, फोटो आहे.

वाकळ मोजायला चंपतच्या भाजीच्या काट्यावर नेली. भरली अडीच किलो. आता आणखी साडेतीन किलो लुगडी आणू कुठून? मग तू लिहिलेले मणी आठवले. रेती भरून पाहिली, ती गळते. गोटे भरले, ते टोचतात. शेवटी माळ्यावरच्या गोणीकडे नजर गेली. आपल्या घरच्या बियाण्याचं सोयाबीन! गोल, गुळगुळीत, मण्यांच्या तोंडात मारील असं. नव्या पातळ कापडाचे शंभर चौकोन पाडले आणि मूठमूठ भरून शिवून टाकले. दाणे सहा किलो बरोबर, चंपतच्याच काट्यावर. बोटांची चाळण झाली आहे, येशील तेव्हा बघ.

मोठ्या बाबांना सांगू नकोस. ती गोणी त्यांना माझ्यापेक्षा प्रिय आहे.

तुझी वाट बघते आहे. आशीर्वाद आहेतच, लोभ तर न विचारता वाढवला आहे.

तुझी,
मोठी आई


केनवड, वरची खोली,
६ मार्च २०२५

ती. मोठ्या आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

एकाच घरातून पत्र, म्हणून हसू नकोस. बोलायला गेले की माझे शब्द मागे राहतात. हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवते, कारण तो तू रोज पाचला उचलतेस.

पाच रात्रींत माझी एकूण झोप साडेनऊ तास झाली. काल प्रयोगशाळेत मोजताना त्रेसष्टनंतर पुन्हा एकसष्ट आला. असं माझं कधी होत नाही. रविवारच्या गाडीने घरी परत जावं असं वाटू लागलं आहे.

वाकळीचा दोष नाही. वाकळ फार चांगली आहे. दोष शांततेचा आहे. तू भिंतीवरचं घड्याळ बंद केलंस. कोंबडा तुळसाबाईकडे पाठवलास. मोठे बाबा घोरतात म्हणून त्यांना वावरातल्या झोपडीत झोपायला धाडलंस. आता घर इतकं गप्प असतं, की एक भांडं जरी सरकलं तरी माझ्या अंगावर पडल्यासारखं होतं. आणि तू दर तासाला दाराबाहेर श्वास रोखून उभी राहतेस. रोखलेला श्वास मला ऐकू येतो.

सारखा, न चुकता चालणारा आवाज मला चालतो. लग्नाच्या त्या तीन रात्रींत या घरात एकच गोष्ट नियमाने चालली होती, ते मोठ्या बाबांचं घोरणं. मिनिटाला चौदा वेळा. कृपया त्यांना परत बोलाव.

रागावू नकोस. लोभ वाढवलास ते कळलं, फक्त तो दाराबाहेर उभा करू नकोस.

तुझी,
धम्मदीपा


केनवड, स्वयंपाकघर,
७ मार्च २०२५

चि. धम्मदीपा हिला,
अ. आ. व जयभीम.

पत्र वाचून आधी पदर डोळ्याला लावला आणि मग तोंडाला, कारण हसू आवरेना. रोग म्हशीला अन् औषध पखालीला, असं झालं माझं. तुला विचारायचं सोडून मी गावाला विचारत बसले.

अनुप वावरात जाऊन तुझ्या मोठ्या बाबांना घेऊन आला. ते हटूनच बसले होते. म्हणाले, चाळीस साल झाले, घोरता म्हणून बोलणे खाऊन राह्यलो, आता काहून बोलावता? तुझं पत्र वाचून दाखवलं. मिनिटाला चौदा ऐकून छाती अशी फुगली, की सदऱ्याची गुंडी तुटली. तेव्हापासून मला ऐकवतात की एका तरी शिकलेल्या माणसाला आपली कदर आहे. खाट तुझ्या जिन्याखालीच टाकली आहे.

घड्याळाला किल्ली दिली. कोंबडा मात्र तुळसाबाईकडेच राहू दे, त्याचा काही नेम नाही.

मी आता वर येणार नाही. फार कठीण जाईल मला, पण येणार नाही. रविवारची गाडी जाऊ दे बाई. एक आठवडा दे आम्हाला.

तुझी,
मोठी आई


केनवड, वरची खोली,
४ जून २०२५

ती. मोठ्या आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

परवा जेवताना जे झालं त्याबद्दल तू दोन दिवस माझ्याशी कमी बोलते आहेस. मोजलं मी. म्हणून खुलासा करते.

मोठ्या बाबांनी गोणी खाली काढली, ती सहा किलो कमी भरली. तू उंदरांचं नाव घेतलंस आणि तीन दिवस पिंजरा लावलास. मी काही बोलले नाही, कारण तू सांगू नकोस म्हणाली होतीस. पण परवा त्यांनी मलाच विचारलं, की बियाणं कुठं गेलं तुले ठाव हाय काय. विचारलं तर काय करायचं हे तू लिहिलं नव्हतंस. मी म्हटलं, मी ते रोज पांघरते.

नंतर ते खाली तुला म्हणत होते, ते मला जिन्यावर ऐकू आलं. म्हणे, आठ गुंठे पडीक राहीन तं राहू दे, पोरगी झोपून राह्यली ना, वाकळ उसवू नको. मला रडू आलं. ते आनंदाचं होतं हे कळायला रात्र गेली.

पण पेरणी चुकवणं मला पटत नाही. सोयाबीनचं टरफल पातळ, गोणी नुसती आपटली तरी बी मरतं, आणि मी तर तीन महिने ते अंगावर घेऊन लोळले. म्हणून गोणी कमी भरली त्याच दिवशी, २६ मेला, मी प्रत्येक चौकोनातून एक असे शंभर दाणे काढले होते आणि ओल्या गोणपाटात ठेवले होते. काल मोजले. एक्क्याऐंशी उगवले. सत्तरच्या वर असलं तर पेरायला चालतं.

याचा दुसरा अर्थ मला आज सकाळी बसमध्ये सुचला. बी शाबूत आहे, म्हणजे मी फार तळमळले नाही. अजून आठवड्यातल्या एक-दोन रात्री कोऱ्या जातात, पण बाकीच्या माझ्या आहेत. महिनाभराची अट घालणाऱ्या बाबांनाही यापेक्षा पक्का पुरावा मला देता येणार नाही.

तेव्हा वाकळ उसव. नोकरी पक्की व्हायला तीन महिने आहेत आणि वजन गेल्यावर पुन्हा मार्चसारखं होईल याची मला भीती वाटते. तरी उसव.

लोभ वाढवायला आता हरकत नाही, आधी कळवलं नाहीस तरी.

तुझी,
धम्मदीपा


केनवड, जिन्याखालून,
९ जून २०२५

चि. धम्मदीपा हिला,
अ. आ. व जयभीम.

हे माझ्या हयातीतलं दुसरं पत्र. पहिलं सोसायटीला लिहिलं होतं, त्याचं उत्तर अजून यायचं आहे. तुझी मोठी आई म्हणाली, पोरीने एवढं लिहिलं तर तुम्हीही दोन ओळी लिहा, नुसते घोरू नका.

वाकळ उसवली. बी वावरात नेऊन ठेवलं, पेर साधली की आठ गुंठ्यांत तेच जाईल. बाकीच्या बियाण्याची एवढी परीक्षा कोणी घेतली नव्हती, त्यामुळे त्या आठ गुंठ्यांवर माझा भरवसा जास्त आहे.

तुझ्या भीतीचं म्हणशील, तर तीन महिन्यांचा प्रश्न तुम्ही दोघी उगाच घेऊन बसलात. तुम्ही शिकलेल्या, पण शेतकऱ्याला विचारलं नाही. सोयाबीन पेरतो तेव्हा हरभऱ्याचं बियाणं घरात रिकामंच बसलेलं असतं. दिवाळीनंतर हरभरा पेरू, तेव्हा नवं सोयाबीन घरात आलेलं असेल. वाकळीतही खरीप आणि रब्बी करायची, म्हणजे ती कधी रिकामी राहत नाही. आज हरभरा भरला, निंबाचा पाला घालून. चंपतच्या काट्यावर सहा किलो.

हरभऱ्याला टोक असतं, तुला शिवणही टोचते, म्हणून आतून एक पदर जास्त लावला. तुझ्या मोठ्या आईची बोटं अजून दुखतात, तेव्हा शंभरही चौकोन मीच शिवले. घड्याळाला किल्लीही आता मीच देत जाईन.

टाके वाकडे आले आहेत. झोप नाही आली तर मोजत बस. आली तर राहू दे.

तुझा,
उकंडराव, मोठा बाबा