शेवटच्या रिळाचा अंधार

बाबा,

परवा पाडव्याला काका येऊन गेले. हो, तुमचेच भाऊ, जे तुमच्या मातीलाही आले नव्हते.

दर दिवाळीला टॉकीजचा मालक तोच जुना सिनेमा लावायचा. दोन भावांचं घर फुटतं आणि शेवटी दिवाळीच्या दिवशी दोघं गळ्यात पडतात. तुम्ही ऑपरेटर, मी तुमचा डबा घेऊन वर यायचे. मशीनमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या तुम्ही सारख्या जवळ सरकवायचात, नाहीतर पडद्यावरचा उजेड जायचा. विहिरीच्या वाटणीवरून तुमचं काकांशी फाटलं, त्या वर्षी शेवटचं रीळ लागलं आणि तुम्ही मशीन सोडून गच्चीवर बिडी ओढायला गेलात. भाऊ गळ्यात पडले ते काळोखात. खाली शिट्ट्या आणि शिव्या. मालक धावत वर आला, "काऊन बे, झोपला व्हता काय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "खोटं हाय ते सारं. मले नाही पाहवत." पुढेही दर दिवाळीला तेच केलंत. माणूस गोड बोलायला लागला की आधी त्याच्या हातात काय आहे ते पाहायचं, हे मी तिथेच शिकले.

यंदा टीव्हीवर तो शेवट पहिल्यांदा लख्ख पाहिला. मला काही पटला नाही. त्याच दुपारी वडनेर भोलजीहून काकांचा फोन. "पोरी, तो पिच्चर लागला व्हता. तुह्या बापाची लय आठवन आली. येऊ काय तुह्याकडे?" मी "या" म्हणाले, पण मनात पाल चुकचुकली. विहिरीजवळून रस्ता जाणार, मोबदल्यासाठी वारसांच्या सह्या गोळा करताहेत, असं कानावर आलंच होतं.

पाडव्याला ते एसटीने आले, हातात कापडी पिशवी. माझं सगळं लक्ष पिशवीत. त्यांनी सीताफळं काढून ताटात ठेवली, तर मी पिशवी घडी करायच्या निमित्ताने आत हात घालून पाहिलं. जेवताना त्यांनी विचारलं, "आखरीले लय तरास झाला काय त्याले?" मी नाही म्हणाले. ते बराच वेळ तुमच्या फोटोकडे बघत बसले, आणि मला राहवेना. "काका, सही कुठे करायची ते सांगा ना एकदाचं."

"कशाची सही, पोरी?"

चेहरा खरा होता की सोंग, मला आजही सांगता येणार नाही. मग चाचरत म्हणाले, "आज येथंच राहू काय? सकाळच्या गाडीनं जातो." मी म्हटलं, जागा नाही. "हाव, बरोबर हाय," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. पुढच्या खेपेला ते कागद आणतीलच, असं मला अजून वाटतं. पण वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या, बाबा, आणि एकीत मी सकाळीच त्यांच्यासाठी गादी घालून ठेवली होती.