उलट्या शिट्टीचा कुत्रा

४ नोव्हेंबर

पिल्लू आणलं. दादासाठी. दादाला हे माहीत नाही आणि होऊ द्यायचंही नाही.

काळं कुळकुळीत, गळ्याभोवती पांढरा पट्टा. आल्या आल्या प्रत्येक गोष्टीवर हरकत – चटईवर, दुधाच्या वाटीवर, मांजरीवर तर दोनदा. म्हणून नाव वकील. आई म्हणाली, "कुत्र्याला असलं नाव ठेवतं का कुणी?" म्हटलं, हा फी घेत नाही, एवढाच फरक.

मांजरीचं नाव मावशी. तिनं वकिलाच्या नाकावर एक फटका दिला आणि खटला निकालात काढला.

६ नोव्हेंबर

एकदा सगळं नीट लिहून ठेवते. राग शिळा होता कामा नये.

गेल्या हिवाळ्यात माझा पाय मोडला. दादा काळजीचा चेहरा घेऊन आला. "धाकटे, झिपरीला मी नेतो. तू बरी होईपर्यंत." झिपरी म्हणजे माझी कुत्री. पिल्लू असल्यापासून मी शिकवलेली. डोंगराच्या माथ्यावरून मेंढ्या उतरवून आणायची आणि तेवढ्या वेळात मी खाली शेंगदाणे खायची. तिला गाडीत घालून तो डोंगरापलीकडे त्याच्या घरी घेऊन गेला.

हिवाळा संपता संपता मेंढ्या वळवायची स्पर्धा असते. मी प्लास्टरमध्ये, घरात. झिपरी पहिली आली – दादाबरोबर. पेपरात फोटो: दादा, कप, झिपरी, याच क्रमानं. खाली त्याचं वाक्य, "हिला मला पहिल्यापासून शिकवावं लागलं."

पहिल्यापासून!

पाय सुटल्यावर तिला आणायला गेले. म्हणाला, "आता तिला माझी सवय झाली गं." वहिनी म्हणाली, "अगं, एकाच घरात आहे ना ती." कप फ्रिजवर ठेवलाय. येणाऱ्याला पाणी द्यायच्या निमित्तानं दाखवता येतो.

दादाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, असं कुणी म्हणू नये. अगदी छान बघवतं. मग तो ते उचलतो. वकिलालाही उचलणार. उचलू दे.

९ नोव्हेंबर

बेत असा.

आमच्या घरात शिट्ट्या वारशानं आल्यात. बाबांची एक लांब शिट्टी म्हणजे कुत्र्यानं डावीकडून वळसा घालायचा. दोन तुटक, म्हणजे उजवीकडून. डावी-उजवी माणसाची, कळपाकडे तोंड करून उभं राहिल्यावरची. मी ते बाबांच्या शेजारी उभी राहून शिकले. दादा माझ्याआधी दहा वर्षं बाबांबरोबर कळपावर जायचा. तोही तेच शिकला.

वकिलाला मी उलट शिकवणार. लांब शिट्टी – उजवीकडे. दोन तुटक – डावीकडे. बाकी सगळं चोख. बसणं, थांबणं, दबकत जाणं, असं की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. दादा बघेल, नेईल, स्पर्धेत उभा राहील, शिट्टी मारेल. आणि सगळ्या पंचक्रोशीसमोर पहिल्यापासून शिकेल.

१५ नोव्हेंबर

सुरुवात बदकांवर. मेंढ्या अजून त्याला लोळवतील.

कुत्रा आपणहून ज्या बाजूला निघाला, त्याच क्षणी त्या बाजूची शिट्टी द्यायची. आधी ती हुकूम नसते, नुसतं नाव असतं. त्याला आपलं वाटतं, मी जे करतोय त्याला असं म्हणतात. खूप दिवसांनी नाव आधी येतं आणि करणं मागून. माझ्या शाळेतल्या बाईंना हे कधी कळलं नाही.

अडचण वकिलाची नाही, माझी आहे. तो उजवीकडे निघाला की ओठ आपले आपण दोन तुटक मारतात. एवढ्या वर्षांची सवय. आज तीनदा चुकले. वकील थांबून माझ्याकडे बघत राहिला – साक्षीदार जबाब फिरवतोय अशा नजरेनं.

आई खिडकीतून म्हणाली, "तुझं डावं-उजवं लहानपणापासून कच्चं. चपलासुद्धा उलट्या घालायचीस."

२ डिसेंबर

हौदावर बोटभर बर्फ. हातोडीनं फोडला. एका कोंबडीचा तुरा थंडीनं काळा पडला, म्हणून ती स्वयंपाकघरात खोक्यात. आईला न विचारता आणली, म्हणून आई कोंबडीशी बोलते आणि मला ऐकवते. "काय गं, तुला तरी विचारलं होतं का कुणी?"

शेगडीसमोर वकील, वकिलावर मावशी, मावशीच्या शेपटीवर कोंबडीचा डोळा. मला बसायला जागा नाही. हा पसारा एका सुडापायी चाललाय, हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

११ डिसेंबर

पहिल्यांदा मेंढ्यांपुढे. थोराड मेंढीनं पाय आपटला, वकील माझ्यामागे. पुन्हा पाठवला. पुन्हा आपटला. तिसऱ्या खेपेला तो हलला नाही. पोट जमिनीला टेकवून नुसता बघत राहिला. कितीतरी वेळ. शेवटी मेंढीलाच ओशाळं झालं आणि ती वळली.

मी लांब शिट्टी मारली. तो उजवीकडून गेला. बिनचूक, आणि माझीही चूक नाही.

दादा, कप फ्रिजवरून खाली काढून ठेव.

२० डिसेंबर

बर्फात पंजाच्या केसांत गोळे धरतात, चालताना लंगडतो. केस कातरले, व्हॅसलीन चोळलं. तेवढा वेळ त्यानं हनुवटी माझ्या मनगटावर ठेवली होती.

याची नोंद फक्त करून ठेवते. बेतात बदल नाही.

२८ डिसेंबर

जनावरांचे डॉक्टर कोंबडीचा तुरा बघायला आले आणि अर्धा तास वकिलाला बघत राहिले. "बाई, हा कुत्रा नाही, हा हिरा आहे." मग म्हणाले, "पण शिट्ट्या तुम्ही बदलल्या वाटतं? झिपरीच्या वेळी लांब म्हणजे डावी होती ना?"

माणसाच्या लक्षात काय काय राहतं! म्हटलं, प्रयोग चाललाय. म्हणाले, "करा. फक्त दुसऱ्या कुणाच्या हाती देताना सांगा. नाहीतर कुत्रा बरोबर करेल आणि मार खाईल."

दादा कुत्र्यांना मारत नाही. हा गुण त्याच्यात आहे. लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं.

७ जानेवारी

आला!

आईला बघायला म्हणून. आई आतल्या खोलीत होती, हा कुंपणाशी. मी ऐटीत सगळं करून दाखवलं. लांब शिट्टी, उजवी. दोन तुटक, डावी. दादा कुत्रा बघतो, शिट्टी ऐकत नाही, हे मला माहीत आहे. मेंढ्या दारातून रांगेनं आत, बँकेतल्या लोकांपेक्षा शिस्तीत.

दादानं टोपी काढून डोकं खाजवलं. हाव सुटली की तो डोकं खाजवतो. "या खेपेला नीट शिकवलंस गं, धाकटे."

या खेपेला. नीट. मी दात ओठांवर दाबून हसले. ओठ अजून दुखतोय.

"झिपरीचं वय झालं आता," म्हणाला. "स्पर्धेला उतरवायला काही नाही माझ्याकडे."

"अरेरे," मी म्हटलं.

"देतेस का? स्पर्धेपुरता?"

"नको रे. कच्चा आहे अजून. तुझं नाव खराब होईल."

खाली मान घालून म्हटलं. माझं मलाच कौतुक वाटलं.

१९ जानेवारी

दादाचा फोन. नाही म्हटलं.

२३ जानेवारी

वहिनीचा फोन. नाही म्हटलं, पण जरा रडवेल्या आवाजात.

२६ जानेवारी

आई म्हणाली, "दे ना त्याला. भाऊच आहे तुझा." मी आईच्या शब्दाखातर तयार झाले. आता काहीही झालं तरी बोल आईवर. असला पक्का बेत मी आयुष्यात दुसरा केला नाही.

३१ जानेवारी

नेला. गाडीच्या मागच्या काचेतून बघत गेला. हरकत नोंदवली नाही. मला वाटलं होतं, नोंदवेल.

१ फेब्रुवारी

मावशी शेगडीपाशी नुसत्या चटईवर झोपत नाही. आई कोंबडीला म्हणाली, "घर कसं शांत झालं, नाही?"

आनंद झालाय. झालाच पाहिजे.

८ फेब्रुवारी

एक भीती. सराव करताना दादाच्या लक्षात येईल. वकील उलट जातोय म्हणून फोन करेल, ओरडेल. फोन येत नाही. दादाला सरावाचा कंटाळा, हे जुनंच आहे. वहिनीला मी सहज विचारलं, कसा आहे वकील? "अगदी छान. ह्यांना तर काही शिकवावंच लागत नाही."

म्हणजे दादा बाहेरच काढत नसणार त्याला. थेट स्पर्धेत. उत्तम.

चांगली शाल इस्त्री केली. पुढच्या रांगेत बसणार. थर्मास नेणार.

१६ फेब्रुवारी

स्पर्धेहून आले. हात गार आहेत, अक्षर वाकडं येतंय.

माणसं मरणाची होती. डॉक्टर, लोकर नेणारा व्यापारी, पेपरवाला, ज्यांनी ज्यांनी हसायला हवं होतं ते सगळे. दादा मैदानाच्या अलीकडच्या टोकाला, कुत्रा चालवणाऱ्यासाठी रोवलेल्या खुंटापाशी उभा राहिला. टोपी नवीन. मी थर्मासचं झाकण उघडलं.

पलीकडच्या टोकाला मेंढ्या सोडल्या. त्या उजव्या कुंपणाकडे सरकायला लागल्या. त्यांना अडवायचं तर कुत्रा उजवीकडूनच जायला हवा. म्हणजे दोन तुटक शिट्ट्या. त्या ऐकल्या की माझा वकील डावीकडे पळणार आणि मेंढ्या कुंपण फोडून रस्त्यावर. मी चहा ओतून घेतला.

दादानं लांब शिट्टी मारली.

एकच. लांब. वकील उजवीकडून बाणासारखा गेला आणि मेंढ्यांना आत घेऊन आला.

मला वाटलं, घाबरला, चुकला, चुकीतून बरोबर झालं. मग डावीकडून वळवायच्या होत्या. दोन तुटक. वकील डावीकडे. पुन्हा उजवी. लांब. दादाचा हात खिशात होता! ज्या माणसाला विचार करावा लागतो त्याचा हात खिशात नसतो.

पहिला आला. मेंढ्या कुंपणाच्या चौकोनात शिरून दार लागलं तेव्हा शेजारचा व्यापारी उठून टाळ्या वाजवत होता आणि माझा चहा माझ्या शालीवर होता.

मग माइकवर दादा. "कुत्रा माझ्या बहिणीनं शिकवला. तिच्यामुळे मला काही करावं लागलं नाही. मी नुसता उभा होतो." सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी उठले. हसले. दोन्ही हात जोडले. एवढं अवघड काम मी अख्ख्या हिवाळ्यात केलं नव्हतं.

घरी येऊन आईला विचारलं. दादाच्या शिट्ट्या बाबांसारख्या नाहीत का?

"त्याच्या? कधीच नव्हत्या," आई कणीक मळता मळता म्हणाली. "तुझे बाबा त्याला कळपाच्या पलीकडे उभं करायचे, मेंढ्या पळू नयेत म्हणून. समोरासमोर दोघं. बाबांच्या डावीकडून कुत्रं निघालं की ते त्याच्या उजवीकडून यायचं. त्याच्या डोक्यात तेच बसलं. बाबा किती ओरडायचे. शेवटी म्हणाले, राहू दे, त्याचं कुत्रं त्याचं ऐकतंय ना."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस त्याच्याबद्दल?"

१७ फेब्रुवारी

सकाळी दादा वकिलाला परत घेऊन आला. "स्पर्धेपुरता म्हटलं होतं ना." झिपरीही गाडीतून उतरली. तोंडावर पांढरे केस आलेत. बदकं समोरच होती. मी माझी जुनी शिट्टी मारली, लांब, मी तिला डावीकडे जायला शिकवलेली.

झिपरी उजवीकडून गेली.

दादा हसला. "मला वाटलं होतं, धाकटीनं शिकवलेली कुत्री, आयती मिळाली. पहिल्या दिवशी डावी म्हटलं तर उजवी, उजवी म्हटलं तर डावी. अख्खा हिवाळा गेला गं माझा. पहिल्यापासून शिकवावं लागलं तिला."

मी चहा ठेवायला आत गेले. पाणी उकळून आटलं तरी बाहेर आले नाही.