डाव्या पिळाची गाठ

यवतमाळ, गुरुवार

प्रिय नयन,

खिशात मोबाईल असताना ताईला पत्र लिहायची काय हौस आली, असं म्हणून तू हसशील. हस. पण परवापासून तुझा फोन नुसता वाजतो आणि तू उचलत नाहीस. अपेक्षाने उचलला की ती म्हणते, "ते वावरात गेले, ताई." सकाळी वावरात, दुपारी वावरात आणि जेवायच्या वेळीही वावरातच! इतका कष्टाळू तू कधी झालास ते मला कळू दे, आईला सांगते, तिला आनंद होईल. अमर आज कापूस घेऊन इकडे आला आहे आणि दुपारी परत निघणार आहे. हे त्याच्या हाती देते. तुझा साळा किती चौकस आहे ते तुला ठाऊक आहे, म्हणून पाकीट डिंकाने चांगलं चिकटवलंय आणि आत तुझ्या आयुषच्या शाळेचे कागद आहेत असं त्याला सांगितलंय. तू एकट्याने वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

मंगळवारी फोनवर जे सांगायला लागले होते ते आता पुरतं सांगते. त्या दिवशी सकाळी महागावच्या अलीकडे, आपल्या गावच्या नाल्यावरल्या रस्त्याच्या पुलाखाली एक बिबट मादी पडलेली सापडली. वनखात्याच्या माणसांनी तिला इंजेक्शनने झोपवून आमच्याकडे आणलं. कमरेभोवती तारेचा फास होता, मांसात रुतलेला. फास तोडून नाही, खुंटीसकट उपटून ती चालत आली होती, आणि खुंटी वाटेत कुठेतरी गळून पडली असावी. आमच्या डॉक्टर शीला मॅडम तिला तपासत होत्या, मी तिचं डोकं धरून बसले होते. पोटाशी आल्यावर मॅडम एकदम थांबल्या. तिचे सड दुधाने तटतटले होते. म्हणजे हिची पिल्लं आहेत, आणि ती कुठेतरी एकटी पडली आहेत. मॅडम म्हणाल्या, महिन्याभराची असतील, आईच्या दुधाशिवाय त्यांना दुसरं काही चालत नाही, त्यात ही थंडी. फार दिवस निघणार नाहीत.

तेव्हापासून मी धड जेवलेली नाही, नयन. प्राणिसंग्रहालयात नोकरी करून माझं काळीज घट्ट झालंय असं तुम्ही सगळे म्हणता. थोडं झालंही आहे. लोक वाघाला दगड मारून उठवायला बघतात तेव्हा मी त्यांना जी भाषा ऐकवते ती आईने ऐकली तर मला घरात घेणार नाही. परवाच एक गृहस्थ तावातावाने विचारत होते, "मॅडम, तिकीट काढलं आमी, अन् वाघ काहून झोपून राह्यला?" मी म्हटलं, त्याला सांगते हं, तुमच्यासाठी नाचून दाखवेल. अस्वलांची पपई चिरायची, साळिंदराला मका, हरणांचा चारा, पिंजरे धुवायचे, यात माझा दिवस कसा जातो ते मलाच कळत नाही. म्हाताऱ्या वाघिणीचे डोळे गेले तेव्हा महिनाभर मी तिला हाक मारून खाऊ घातलं आणि ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. पण या मादीपुढे मला काही करता येत नाही. ती खात नाही. पिंजऱ्यावर हिरवी जाळी टाकली आहे, तिच्याजवळ बोलायचंही नाही असं मॅडमनी सांगितलंय. ती कुशीवर पडून राहते आणि दूध आपोआप गळत राहतं. सकाळी मी पाईप लावून फरशी धुते तेव्हा ते दूध पाण्याबरोबर नालीत जाताना दिसतं. आज मी पाईप तसाच सोडून बाहेर जाऊन रडले.

तुला कळंबकडची ती गोष्ट आठवते? तूर सोंगताना मजुरांना बिबट्याची तीन पिल्लं दिसली, आणि आई सोडून गेली समजून त्यांच्यातल्या रामीबाईने ती पदराच्या ओट्यात घालून घरी आणली. गायीचं दूधही पाजलं बिचारीने. आम्ही जाऊन ती पिल्लं टोपलीत घालून होती त्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, नेऊन ठेवली, आणि पहाटेच्या आत मादी येऊन एकेक उचलून घेऊन गेली. मी फोनवर सांगितलं तर तू किती खूश झाला होतास! "एकेकच नेली का, ताई? मंग बाकीचे भेले नाही का?" असं दहा वेळा विचारलंस. आमच्या कामात असा आनंदाचा दिवस क्वचित येतो. जागा माहीत असली की सगळं सोपं असतं रे. या वेळी आई आमच्याकडे आहे आणि जागा कोणालाच माहीत नाही.

वनखात्याची माणसं शोधतायत. पुलापासून जंगलाच्या बाजूला ती रोज झुडपं पालथी घालतात, कारण बिबट जंगलातूनच आली असणार असा त्यांचा हिशेब. काल त्यांचे साहेब इथे आले होते. मी धीर करून म्हटलं, साहेब, नाल्याच्या दुसऱ्या अंगाला, वावरांकडे बघा ना एकदा. ते म्हणाले, "काहून? तुमाले काही समजलं का?" मी म्हटलं, नाही, आपलं सहज सुचलं. ते हसले आणि चहा पिऊन गेले. मी तिथे उभी राहून पपया चिरत राहिले.

आता तुला प्रश्न पडला असेल की मला नाल्याचं दुसरं अंग कसं सुचलं. सांगते. मंगळवारी मॅडमनी तार कापली तेव्हा तिचा गाठीचा भाग माझ्या हातात आला. मोटरसायकलची क्लच वायर. रक्ताने माखलेली होती, मी ती पाण्याखाली धरली. गाठीत तीन पीळ होते आणि शेवट परत आत खोवलेला. कापसाची बैलबंडी भरल्यावर बाबा दोर आवळायचे तीच गाठ, नयन. आपल्या घरातच ती बांधतात. बाबांनी आपल्या दोघांना अंगणात बसवून शिकवली होती, आणि तू डावखुरा म्हणून तुझे पीळ उलटे पडायचे. "हे पोट्टं उलटंच बांधते, पन सुटत नाही लेकाचं," असं ते गावभर कौतुकाने सांगत. माझ्या हातातल्या गाठीचे पीळ डावीकडे गेलेले होते. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. दुसऱ्या कोणाचे असावेत म्हणून देवाचं नाव घेतलं. मॅडमनी हात पुढे केला, मी तार त्यांना दिली, त्यांनी ती पिशवीत घालून वनखात्याकडे दिली. मी हात धुतले आणि पुन्हा मादीचं डोकं धरून बसले.

तरी मनात म्हणत होते की मी चुकत असेन. म्हणून तर तुला लगेच फोन केला. मी एवढंच म्हटलं की आज आमच्याकडे एक बिबट आणलीय, आणि तू म्हणालास, "मले काही माहीत नाही, ताई. मी नाल्याकडे गेलोच नाही." मी नाल्याचं नावही काढलं नव्हतं रे. मग तू फोन ठेवलास.

मी तुझ्यावर चिडलेली नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. चिडले आहे, खूप चिडले आहे, समोर असतास तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. पण तू तार बिबट्यासाठी लावली नव्हतीस हेही मला माहीत आहे. रानडुकरांनी तूर कशी लोळवली ते मी दिवाळीत डोळ्यांनी पाहिलंय. मचाणावर बसून डबे वाजवून तुझा घसा बसला होता. शिवाय तुझा जीव कसला आहे ते मला ठाऊक नाही का? आपली बकरी व्याली आणि मेली तेव्हा तिचं पिल्लू तू महिनाभर पोटाशी घेऊन झोपलास, शाळेतही घेऊन गेलास, गुरुजींचा मार खाल्लास. तोच तू आता तोंड लपवून वावरात बसला आहेस, कारण घाबरला आहेस. मीही घाबरले आहे. असल्या गुन्ह्याला काय शिक्षा असते ते मला रोज इथे कानावर पडतं. तू आत गेलास तर आयुषला काय सांगायचं? बाबांना काय सांगायचं? साहेबांसमोर तोंड उघडलं की मला आयुषचा चेहरा दिसतो, आणि गप्प बसलं की ती फरशी. एका बाजूला माझा भाऊ आणि दुसऱ्या बाजूला ती पिल्लं. मला काही सुचत नाही, नयन. आणि मी तुझं नाव सांगितलं तरी काय? आपलं रान तीन ठिकाणी, त्यात तू दुसऱ्याचं बटईने केलेलं वेगळं. तार नेमकी कुठे होती ते तुला एकट्याला माहीत आहे. पिल्लं तिथूनच जवळ असणार, कारण दूध पाजणारी मादी फार लांब जात नाही असं मॅडम म्हणतात.

आणि सापडली तरी सगळं गोड होईल असं समजू नकोस. मादीचा मागचा पाय ओढला जातो, ती आता जंगलात परत जाणार नाही, मॅडमनी स्पष्ट सांगितलं. पिल्लं आली तर तीही इथेच वाढतील, माझ्या बाटलीवर, जाळीच्या आत, लोकांच्या शिट्ट्या ऐकत. त्यांच्यासाठी हे बरं की काय, ते मला ठरवता येत नाही. पण ती तिथे भुकेने ओरडून ओरडून गप्प होतील हे मला सहन होत नाही. तुलाही होणार नाही, मी तुला ओळखते.

म्हणून हे लिहिलं. तुझ्याकडे कबुली मागत नाही, इथे येऊ नकोस, कोणाला भेटू नकोस, फोनही करू नकोस. मी स्वतः आले असते, पण वनखात्याची गाडी गावात फिरत असताना प्राणिसंग्रहालयातली बाई भावाच्या वावरात काय शोधते हे सगळ्यांना दिसलं असतं. तू फक्त आज संध्याकाळच्या आत, जिथे तार होती तिथल्या झाडावर लांबून दिसेल असं एखादं लाल फडकं बांध. गाठ साधी मार. बाकीच्या तारा असतील त्या काढून टाक. उद्या सकाळी गाड्या निघाल्या की मी साहेबांना म्हणेन, रस्त्याने येणाऱ्या कोणीतरी नाल्याकडे पिल्लांचा आवाज ऐकला म्हणे, तिकडे लाल फडकं दिसतं तिथे. खोटं बोलायची जबाबदारी माझी. आणि अजून एक लिहिते. खरं म्हणजे हे लिहायला नको, तुला थोडा धाक राहिला असता तर बरं झालं असतं. पण तू माझा भाऊ आहेस, तुला धाकात ठेवून मला काही मिळवायचं नाही. तू फडकं बांधलं नाहीस तरी मी तुझं नाव कोणाला सांगणार नाही. आज नाही, आणि ती पिल्लं मेल्यावरही नाही. मी हे करू शकत नाही, मी करून पाहिलं. त्यामुळे आता त्यांना तुझ्याशिवाय कोणी नाही.

तुझीच,
ताई